सर्व्हर कुठे आहे, ते आधी बघा

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांसाठी तुम्ही जी वेबसाइट बनवत आहात, तिचा सर्व्हर केवळ स्वस्त मिळतो म्हणून अमेरिकेत ठेवू नका. ॲमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे भाड्याने मिळणारे सर्व्हर, 2016 पासून मुंबईतही आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत जाऊन परत येण्याच्या एका फेरीलाच सव्वाशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि सुरक्षित जोडणी जुळेपर्यंत अशा दोन-तीन फेऱ्या होतात. 2022 मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी-3 या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नव्या नियमावलीने फेऱ्या कमी केल्या. अंतर मात्र तेवढेच राहिले. व्हिडिओ असतील, तर ते निरनिराळ्या दर्जांत, सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत ठेवा, म्हणजे दिंडोरीच्या शिवारात रेंज घसरली तरी प्लेअर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा उचलतो. चाचणी मात्र ऑफिसच्या वायफायवर नव्हे, बांधावर उभे राहून साध्या फोनवर घ्या.