चादर दिसली म्हणून लिनिफिया नव्हे

अरे, बडोद्याच्या कमाटीबागेत गवतावर कोळ्याच्या जाळ्याची दवाने चमकणारी चादर दिसली की लगेच वहीत ‘लिनिफिया’ (चादरीसारखं जाळं विणणारा एक कोळी) लिहू नकोस. मीही पहिल्या पावसाळ्यात तेच केलं. पानंच्या पानं खोडावी लागली. लिनिफिया चादरीखाली उलटी लोंबते. तू पाहिलेला कोळी चादरीवरून धावत जाळ्याच्या नरसाळ्यात घुसला ना? मग बहुधा हिप्पासा. विणतो चादर, पण कुळ सहसा जाळं न विणणाऱ्या लांडगा-कोळ्यांचं! भिंगाने डोळे बघ: पुढच्या ओळीत चार बारीक, मग दोन मोठे, त्यामागे आणखी दोन. नरसाळ्याचं जाळं विणणाऱ्या अजेलेना या दुसऱ्या कोळ्याशीही गल्लत होते; हिप्पासाच्या एका जातीचं नावच ‘अजेलेनॉइडिस’, म्हणजे अजेलेनासारखी. जात मात्र फोटोवरून ठरवू नकोस, त्याला जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखालीच तपासावी लागतात. तोवर वहीत नुसतं ‘हिप्पासा’ लिही.