जुन्या आर१५ ला बाहेरचं फेअरिंग आणि हेडलाइट बसवायचे असतील, तर सुरुवात ब्रॅकेटपासून करा

तुमचा प्रश्न असा: गाडी २०१० ची यामाहा आर१५, पहिली आवृत्ती. डाव्या बाजूचं फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं कवच) तडकलंय, हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात आणि रात्री उजेड पुरत नाही. बाजारात 'आर६ लूक'चं, म्हणजे यामाहाच्या मोठ्या आर६ सारखं दिसणारं फायबर किट मिळतंय, त्यात प्रोजेक्टर लाइटही (भिंगातून उजेड टाकणारे) आहेत. ते बसवावं का, आणि बसवायचं तर कसं?

माझ्याकडे याच पिढीची आर१५ आहे आणि मित्रांच्या अशा गाड्यांवर हात चालवत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. किट बसवता येतं. पण पैसे देण्याआधी गाडीचं तोंड उघडा आणि आतला ब्रॅकेट बघा.

हेडलाइट, मीटर, व्हायझर आणि फेअरिंगचा वरचा भाग हे सगळं स्टिअरिंगच्या पुढे बोल्ट केलेल्या एका हलक्या सांगाड्यावर, म्हणजे या ब्रॅकेटवर, पेललेलं असतं. गाडी उभ्या जागी जरी एका अंगावर पडली, तरी हा सांगाडा थोडा वाकतो. बाहेरून काही कळत नाही, कारण ओरिजिनल प्लास्टिक लवचिक असतं आणि वाकड्या ब्रॅकेटशी जुळवून घेतं. फायबर तसं वाकत नाही. मग किट बसत नाही, मेकॅनिक म्हणतो 'लोकल माल आहे', ग्राइंडर काढतो, भोकं मोठी करतो, आणि सहा महिन्यांत बोल्टपाशी तडे जातात. कितीतरी वेळा दोष किटचा नसतोच, त्याच्या खालच्या ब्रॅकेटचा असतो.

तपासणी सोपी आहे. पॅनल काढा, गाडी सरळ उभी धरा आणि चेसिसच्या डाव्या-उजव्या बीमवर समोरासमोरचे दोन बिंदू खडूने आखून घ्या. तिथून ब्रॅकेटच्या त्या-त्या बाजूच्या भोकापर्यंत टेपने मोजा. तीन-चार मिलिमीटरचा फरक चालून जातो. एक सेंटिमीटरचा असेल तर आधी ब्रॅकेट बदला. पातळ नळी उलटी वाकवून सरळ केली तर ती तिथेच कमजोर होते आणि पुढे कंपनांनी तुटते, म्हणून सरळ करत बसू नका. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना पण सरळ ब्रॅकेट शोधायला वेळ लागेल, पण शोधा.

आता किटबद्दल. खऱ्या आर६ चं फेअरिंग तुमच्या गाडीला बसणार नाही. आर६ चं इंजिन चार सिलिंडरचं, ६०० सीसीचं आणि व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) सुमारे १३७५ मिलिमीटर. पहिल्या आर१५ चा व्हीलबेस १२९०. तुम्हाला दाखवतायत ते आर१५ च्या मापात ओतलेलं, आर६ सारखं दिसणारं फायबर. ते ठीक दिसतं, पण मागचा टायर १००/८० चा आहे हे लक्षात घ्या. रुंद तोंडामागे तो बारीक टायर खटकायला लागतो, मग लोक टायर बदलतात, मग रिम, मग चेन कव्हर घासतं. माझं स्पष्ट मत: पहिल्या आर१५ चा मूळ आकार इतका नेटका आहे की त्याच आकाराचे नवे पॅनल मिळत असतील तर तेच घ्यावेत. डाव्या बाजूचा एकच पॅनल तडकला असेल तर तो जोडताही येतो. पॅनलच्या आतल्या बाजूला '>एबीएस<' असा शिक्का आहे का बघा. असेल तर त्याच एबीएस प्लास्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लगदी आतून भरली की जोड मजबूत होतो. शिक्का पीपीचा (पॉलिप्रोपिलीनचा) असेल तर ही युक्ती चालत नाही, प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं.

तरी किटच घ्यायचं ठरलं, तर रंग न दिलेलं घ्या आणि रंगाआधी एकदा पूर्ण बसवून बघा. सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे लावून ठेवा, सगळे लागले की मगच वरून खाली येत आवळा. भोक चुकत असेल तर पॅनल ओढून जुळवू नका, गोल कानशीने भोक लांबट करा. ताणून बसवलेलं फायबर तडकतंच. प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (कडी) आणि त्यात धातूची बुश (छोटी नळी) हवी, म्हणजे बोल्ट बुशवर आवळला जातो आणि पॅनल रबरात मोकळं राहतं. या गाडीचं एकच सिलिंडर मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं, तिथली झिणझिण फायबरला थेट लागू देऊ नका. बेंडपाइपजवळच्या (इंजिनमधून निघणाऱ्या धुराच्या नळीजवळच्या) भागाला आतून अॅल्युमिनियमची उष्णतारोधक टेप लावा.

मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा, इंजिन चालू ठेवून. आयडल (रेस न देता इंजिनचा वेग) वाढला तर समजा अॅक्सिलरेटरची केबल कुठेतरी ओढली जातेय. ही चाचणी चुकवू नका, वळणावर गाडी आपणहून रेस होणं जिवावर बेतू शकतं. ब्रेक ऑइलची डबी आणि लिव्हर फेअरिंगला टेकतात का तेही बघा. पुढचा ब्रेक धरून गाडी जोरात दाबा आणि मडगार्ड खालच्या फेअरिंगला किंवा रेडिएटरला लागतोय का पाहा.

रेडिएटरचा मुद्दा किट विकणारा सांगत नाही. ही गाडी लिक्विड कूल्ड आहे. ओरिजिनल फेअरिंगच्या आत हवा रेडिएटरकडे वळवणारे आणि गरम हवा बाजूने बाहेर काढणारे आडोसे असतात. बऱ्याच किटमध्ये ते नसतात, नुसतं कवच असतं. जुन्या फेअरिंगचे ते आतले तुकडे फेकू नका, कापून नव्यात बसवा. मे महिन्यात सिग्नलला उभं राहिल्यावर फॅन सतत फिरत राहिला, तर हवा कोंडतेय असं समजा.

आता लाइट. उजेड कमी पडतो म्हणून तुम्ही लाइट बदलायला निघालात, पण आधी मल्टिमीटर लावा. हेडलाइट चालू असताना बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट आणि बल्बच्या कपलरवर (वायरच्या जोडावर) किती, हे मोजा. पंधरा वर्षांच्या वायरिंगमध्ये, गंजलेल्या कपलरमध्ये, झिजलेल्या स्विचमध्ये एक-दीड व्होल्ट सहज हरवतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी वेगाने घटतो: व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ ३० टक्के जातो. उपाय म्हणजे रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट बल्बपर्यंत आणायची, आणि जुनी हेडलाइटची वायर फक्त रिले चालू-बंद करायला वापरायची. बल्ब तेच राहतात आणि रस्ता दिसायला लागतो.

पिवळी काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा अतिनील किरणांपासून जपणारा थर उडाल्यामुळे ती पिवळी पडते. ८००, १५००, २००० अशा पाण्याच्या पेपरने घासून, पॉलिश करून वर यूव्ही क्लिअर कोट मारला तर काच परत स्वच्छ होते. कोट न मारता सोडली तर काही महिन्यांत परत पिवळी. आतल्या रिफ्लेक्टरची चमकच गेली असेल, तर मात्र हेडलाइट बदलण्याला पर्याय नाही.

मूळ ३५/३५ वॉटच्या बल्बच्या जागी ६०/५५ वॉटचा, मोठ्या गाड्यांचा एच४ बल्ब खाच घासून बसवणारे भेटतील. बसवू नका. ५५ वॉटचे दोन बल्ब नऊ अँपिअरच्या वर ओढतात, ३५ चे दोन सहाच्या आत. लहान गाडीचा रिफ्लेक्टर, कपलर आणि वायर त्या उष्णतेसाठी केलेले नसतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खोचणंही तसंच वाईट. फिलामेंट जिथे असायला हवा तिथे उजेडाचा उगम राहत नाही, त्यामुळे उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. घाटात समोरून येणारा दोन क्षण आंधळा होणं म्हणजे काय, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

प्रोजेक्टर चांगला असेल तर खरंच फरक पडतो, पण एक गोष्ट तपासून घ्या. अमेरिका-युरोपसाठी केलेल्या अनेक लाइटमध्ये डिपरच्या (खाली पडणाऱ्या झोताच्या) उजेडाची वरची कड उजवीकडे वर चढते, कारण तिथे उजव्या बाजूने चालवतात. आपल्याकडे ती डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला चढायला हवी, नाहीतर सरळ असावी. भिंतीवर उजेड टाकला की लगेच दिसतं. उजवीकडे चढत असेल तर तो लाइट परत करा, कितीही स्वस्त असला तरी.

लाइट बसवला की त्याच भिंतीवर त्याच्या झोताची उंची जुळवून घ्या. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी, हवा बरोबर भरलेली, तुम्ही स्वतः सीटवर. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर आखा. डिपरची कड त्या रेषेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली यायला हवी. बाहेरच्या किटमध्ये लाइट वर-खाली करायचा स्क्रू आहे का, हे विकत घेतानाच बघा, नसेल तर ते किट माझ्या लेखी बाद.

आता कागदपत्रं. तुमची गाडी २०१० ची, म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण झालीत आणि नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्यासाठी आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. त्यामुळे नूतनीकरण बाकी असेल तर ते आधी मूळ रूपात उरकून घ्या. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडू शकतो. आणि मागचा मडगार्ड कापून टाकणाऱ्या टेल किटच्या नादी लागू नका, उच्च सुरक्षा नंबरप्लेटला नीट जागा लागते.

खर्चाचा अंदाज विचारलात. किटच्या किमतीइतकीच रक्कम फिटिंग, पुट्टी, प्रायमर आणि रंगाला धरून ठेवा. रिले, ब्रॅकेट आणि काचेचं काम त्यामानाने स्वस्त आहे आणि तुमच्या तक्रारीचा मोठा भाग तिथेच सुटेल, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ती तीन कामं आधी केली असती आणि महिनाभर रात्री चालवून मगच किटचं ठरवलं असतं. किट लागलंच, तर काढलेले ओरिजिनल पॅनल कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. तडकलेला असला तरी तो डावा पॅनलही ठेवा, पुढच्या नूतनीकरणाला लागेल.