पाहुणे बोटीवर येणार असतील तर

शिडाच्या बोटीवर येणाऱ्या मित्रांना बोटीवर चढण्याची तारीख पक्की सांगा किंवा ठिकाण. दोन्ही पक्कं करू नका. कोणाला तरी विमान गाठायचंय म्हणून खराब हवेत शिडं उभारायची वेळ येते ती यामुळेच. सामान मऊ पिशवीतच आणायला सांगा. चाकांची कडक बॅग ठेवायला केबिनमध्ये जागाच नसते.

नांगर उचलण्याआधी टॉयलेट स्वतः चालवून दाखवा. पाइप जेमतेम 38 मिमीचा असतो. ओला वाइप गेला की तो रबरी व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि घाण उलटी वर येते. कागद डब्यात टाकायचा आणि वापरानंतर पंपाचं हँडल 15-20 वेळा मारायचं, म्हणजे पाइपमध्ये काही साचत नाही. सांगायला लाजलात तर पंप खोलायला तुम्हीच बसणार!

प्यायला माणशी रोज 3-4 लिटर पाणी वेगळं धरा. आंघोळ समुद्रात, शेवटी लिटरभर गोड्या पाण्याने अंग विसळायचं. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याच्या तासभर आधी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

उकाड्यामुळे सगळे हॅच (केबिनच्या छतातल्या झडपा) उघडे ठेवून झोपतात. रात्री सर आली की कोणी कोणता बंद करायचा, ते झोपण्याआधीच वाटून द्या.