खारपाणपट्ट्यातल्या गावात जुना यशिका-मॅट वापरता येईल का?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या यशिका-मॅट १२४जी कॅमेऱ्यात रोल टाकण्याआधी काय तपासायचं, आणि अकोला जिल्ह्यातल्या तुमच्या गावात रोल घरीच धुता येईल का. कॅमेरा धड असेल तर दोन्ही जमतं. काळा-पांढरा रोलच घ्या; रंगीत रोलला ३७.८ अंशांचं तापमान काटेकोर धरावं लागतं.

आधी शटर बघा. ते पूर्ण यांत्रिक आहे, सेल लागत नाही. मागचं दार उघडा, वेग १ सेकंदावर ठेवा, हँडल पुढे फिरवून मग उलटं मागे आणा आणि बटण दाबा. आतून एकसारखी घर्र ऐकू यायला हवी. आवाज मध्येच अडखळला किंवा पाती उघडीच राहिली, तर आतलं वंगण वाळलंय आणि काम मेकॅनिकचं आहे. शिवणयंत्राचं तेल अजिबात सोडू नका, ते पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. सेल्फ-टायमरचा खटका तसाच राहू द्या. जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यात अडकला की सगळंच बंद पडतं. मग भिंगातून तिरपा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी.

उजेड मोजणाऱ्या मीटरच्या नादी लागू नका. त्याचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, आणि १.५ व्होल्टचा टाकला की काटा चुकतो. ४०० आयएसओचा रोल असेल तर कडक उन्हात वेग १/५०० आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड) १६. कडुनिंबाच्या सावलीत माणूस बसलेला असेल तर अ‍ॅपर्चर ५.६. रोल १२० चा, चौकोनी १२ फोटो. दारावरची दाबपट्टी २२० वर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रोलच्या खुणेवर, सरकलेली नाही ना, एवढं पाहून घ्या.

आता धुणं. खरी अडचण पाण्याची. बोअरचं खारट पाणी निगेटिव्हवर वाळलं की पांढरे डाग उरतात आणि ते पुसताना ओरखडे पडतात. त्यामुळे डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) बनवायला आणि शेवटच्या खळबळीला डिस्टिल्ड वॉटरच वापरा. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं ते, बॅटरीच्या दुकानात मिळतं. कॅन नीट वाचून घ्या, शेजारीच अ‍ॅसिडचे कॅन ठेवलेले असतात.

फिल्म धुण्याच्या बंद टाकीत १२० च्या एका रोलला ५०० मिली द्रावण लागतं. इलफर्डचा एचपी५ प्लस रोल आणि कोडॅकचा डी-७६ डेव्हलपर पाणी न मिसळता वापरला, तर २० अंशांवर साडेसात मिनिटं, २४ अंशांवर सव्वापाच. त्याहून गरम नको. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की फिल्म एकसारखी उमटत नाही, आकाशात पट्टे येतात. मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून माठातलं पाणी चांगलं गार पडतं; बाटल्या त्यात तासभर बुडवून ठेवा. पावसाळ्यात दमट हवेत माठाचा उपयोग नाही, टबात बर्फाच्या पिशव्या टाका. बर्फ द्रावणात टाकायचा नाही. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), धुण्याचं पाणी, तिन्ही एकाच तापमानाला हवेत. गार द्रावणातून फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर तिच्यावरचा थर सुरकुततो आणि तो परत सरळ होत नाही.

पहिले दहा सेकंद टाकी चार वेळा उलटीसुलटी करा, मग दर मिनिटाला तेवढीच. फिक्सर पाच मिनिटं. नंतर नळाखाली अर्धा तास धुवायची गरज नाही: पाणी भरा, टाकी ५ वेळा उलटवा, ओता, पुन्हा भरून १० वेळा, पुन्हा २० वेळा. दीड लिटरमध्ये काम होतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावाला हीच पद्धत परवडते.

टाकीतल्या रिळावर फिल्म पहाटे चढवा. दुपारी तळहात घामेजतात, आणि ओल्या प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म हमखास अडते. मग अंधारात ओढाताण करून ती दुमडते. धुतलेली फिल्म बंद न्हाणीघरात टांगा, पंखा लावू नका. खाली कपड्याचा चिमटा अडकवला की ती गुंडाळत नाही.

जूनपासून कॅमेरा चामडी कव्हरमधून बाहेर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच भिंगात शिरते.