टाइप १ मधुमेह असताना बाहेरगावी शिकायला जाण्यासाठी आई-वडिलांना कसे तयार करावे?

आपल्याला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे आणि वसतिगृहात राहण्यास आई-वडील नकार देत आहेत, असे आपण लिहिले आहे. मलाही हा आजार शाळकरी वयात झाला. सहल असो, पोहणे असो की मैत्रिणीकडचा मुक्काम, आमच्या घरी सगळ्याला एकच उत्तर मिळे: "तुला काही झालं तर?"

त्यावर 'काही होणार नाही' असे कृपया म्हणू नका, कारण ते खरे नाही. इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ बसला नाही की साखर उतरते, आणि ती झोपेत उतरली तर जाग येईलच असे नाही. माझी आई मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात माझे बोट टोचून साखर तपासत असे आणि मी अर्धवट झोपेतच हात पुढे करीत असे. जिने वर्षानुवर्षे अशा रात्री काढल्या, तिच्याशी हक्काची भाषा बोलून काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे फरक पडला तो मी एकेक काम स्वतःकडे घेतल्यामुळे. आधी इन्सुलिन टोचणे आणि त्याची जागा बदलत राहणे (एकाच जागी टोचल्यास तिथे गाठी होऊन इन्सुलिन नीट शोषले जात नाही), मग ताटातल्या पोळी-भातावरून डोस ठरवणे, आणि शेवटी डॉक्टरांशी बोलणे. तोवर डॉक्टर मला विचारीत आणि उत्तर बाबा देत. एका संध्याकाळी हात थरथरू लागले, घाम फुटला, साखर उतरून यंत्रावर ६२ आकडा दिसला. आई स्वयंपाकघरातून येईपर्यंत मी ३ चमचे ग्लुकोज पाण्यातून घेऊन, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे म्हणून गजर लावला होता. ती काही न बोलता शेजारी बसून राहिली. पुढचा आकडा ८८ आला, म्हणजे साखर सावरली होती. वसतिगृहाचा विषय त्यानंतरच घरात मोकळेपणाने निघाला.

आपणही त्यांनी विचारण्याआधीच तयारी दाखवा: शिल्लक इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायला फ्रीज कोणाचा, जवळचे रुग्णालय कोणते, आणि आपण बेशुद्ध पडल्यास तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यायचे हे खोलीतल्या मैत्रिणीला कोण सांगणार. तासातासाला फोन नको असेल, तर झोपण्यापूर्वीचा आकडा रोज कळवण्याचे ठरवून घ्या, आणि तो वाईट आला तरी खराच कळवा.