फँड्रीच्या शेवटी जब्याचा दगड कॅमेऱ्याकडे का येतो?

तो दगड बघणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री' या सिनेमात जब्या हा दलित शाळकरी पोरगा घरच्यांसोबत गावातलं डुक्कर पकडायला धावतो, तो पाठलागाचा सीन मुद्दाम लांबवलाय, आख्खं गाव मॅच बघायला बसल्यासारखं हसतंय, टोमणे मारतंय आणि आपण थिएटरमध्ये तेच बघत बसतो, हळूहळू आपणही त्या गर्दीत जातो आणि ते आपल्या लक्षात पण येत नाही. म्हणून शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे जिथून आपण बघतोय तिथे. हे तंत्र वाचायची सोपी युक्ती: प्रत्येक शॉटला विचारायचं, कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे?

पण नुसत्या शेवटच्या शॉटवरून अर्थ काढू नका, त्याआधीचे दोन सीन परत बघा:
- डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर निसटतं.
- मग मारलेलं डुक्कर काठीला टांगून नेताना मागे शाळेची भिंत, तिच्यावर आंबेडकर, सावित्रीबाई. एक शब्द नाही, कॅमेरा फक्त भिंत दाखवतो. माझ्या मते सगळ्यात जड शॉट हाच आहे, दगडापेक्षाही.