वसतिगृहात जातीवाचक शेरेबाजी झाली, तर सुरुवात अशी कर

घाबरू नकोस, आधी लिहून काढ. आज रात्रीच तारीख, वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावं आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. ते किळसवाणे असले तरी गाळू नकोस. 'वाईट बोलला' एवढ्यावर चौकशीत तक्रार टिकत नाही.

नेहमीच्या चुका:
- रागाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडणं. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घे, मूळ मेसेजही पुसू नकोस.
- वॉर्डनला नुसतं तोंडी सांगणं. कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे (भेदभावाच्या तक्रारी घेणारा विभाग) लेखी तक्रार दे आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेच.
- दबावाखाली 'आपसात मिटलं' अशा कागदावर सही करणं. हे सगळ्यात महागात पडतं.

जात, वंश, प्रांत, भाषा यांवरून छळणं हे २०१६ पासून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत रॅगिंगच आहे. ईशान्येकडच्या मैत्रिणीला चेहऱ्यावरून छळलं तरीही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन हीच: १८००-१८०-५५२२.

पीडित अनुसूचित जाती-जमातीतला असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा (१९८९) आहे, १४५६६ ही हेल्पलाइन आहे. कॉलेजची चौकशी संपायची वाट पाहू नकोस, थेट पोलिसांत जाता येतं. कलमांचा अभ्यास नंतर. एकट्याने मात्र जाऊ नकोस, सोबत कुणाला तरी ने.